अँड्रॉइडची ओळख: थरांची आकृती आणि भाषेचा प्रश्न

अँड्रॉइडवरच्या बहुतेक पहिल्या पाठात तुम्हाला एक ठरावीक आकृती दिसेल. तळाशी लिनक्स कर्नल, त्यावर हार्डवेअरशी बोलणारा थर, त्यावर लायब्ररी आणि अँड्रॉइड रनटाइम, मग फ्रेमवर्क आणि सर्वांत वर अ‍ॅप्स. आकृती बरोबर आहे; परीक्षेत तिला गुणही मिळतात. पण तिच्यावरून असा समज होतो की मूळ कोड खुला असल्यामुळे कोणीही वरचे एक-दोन थर बदलावेत आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम उभी करावी. हा समज तपासायला आपल्याकडे चांगले उदाहरण आहे: इंडस ओएस.

आयआयटी मुंबईतून शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुंबईत उभी केली. सुरुवातीचे नाव फर्स्टटच. 2015 मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट 3 या फोनवर ती बाजारात आली. मेनू मराठीसह अनेक भारतीय भाषांत, इंग्रजी अक्षरांतून आपल्या लिपीत टाइप करण्याची सोय, बोट सरकवले की संदेशाचे भाषांतर, आणि ई-मेल खाते नसतानाही अ‍ॅप घेता येईल असे दुकान. 2016 मधल्या बाजार-अहवालांत तिला भारतातली दुसऱ्या क्रमांकाची स्मार्टफोन प्रणाली म्हटले गेले. हा क्रमांक दिशाभूल करणारा आहे असे माझे मत आहे. कर्नल, रनटाइम, फ्रेमवर्क सगळे अँड्रॉइडचेच होते आणि अँड्रॉइडसाठी लिहिलेले अ‍ॅप तिच्यावर चाले. पहिला आणि दुसरा क्रमांक एकाच घरातला होता.

तरी त्या मंडळींनी हात घातलेला प्रश्न खरा होता. फोनवरची भाषा नेमकी कोणत्या थरात राहते? कीबोर्डचे उत्तर सोपे आहे. 2009 च्या 1.5 आवृत्तीपासून अँड्रॉइडवर बाहेरचा कीबोर्ड बसवता येतो. कीबोर्ड म्हणजे एक अ‍ॅपच. त्यासाठी वेगळी प्रणाली लागत नाही, आणि पुढे गूगलच्याच कीबोर्डने ती सोय सगळ्यांना दिली. म्हणजे इंडसचे सर्वांत नजरेत भरणारे काम सर्वांत सहज उचलता येण्याजोगे होते.

टिकले ते दुकान. इंडसचा व्यवसाय फोनपेकडे गेला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू झाले, इंग्रजीशिवाय 12 भारतीय भाषांत. आता ती आकृती पुन्हा पाहा. दुकान तिच्यात कुठेच नाही. गूगल प्ले सर्व्हिसेसही नाहीत. मूळ अँड्रॉइडचा कोड खुला आहे, पण गूगलचे दुकान, नकाशे, सूचना पोहोचवणारी सेवा हे भाग खुले नाहीत. फोन बनवणाऱ्याला त्यासाठी गूगलशी वेगळा करार करावा लागतो. या करारांतल्या अटींवरूनच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. तुमच्या अ‍ॅपमधली सूचना फायरबेसवरून जात असेल, तर प्ले सर्व्हिसेस नसलेल्या फोनवर ती पोहोचणार नाही. हे पहिल्याच पाठात सांगायला हवे. बहुतेक ठिकाणी ते राहून जाते.

भाषेचा तिसरा भाग तुमच्या हातात आहे: अ‍ॅपमधली वाक्ये. ती कोडमध्ये न लिहिता संसाधनांच्या फोल्डरमध्ये ठेवतात, प्रत्येक भाषेचे फोल्डर वेगळे. फोनची भाषा पाहून अँड्रॉइड योग्य फोल्डर निवडते, ते नसेल तर मूळ फोल्डर वापरते. 7.0 पासून वापरणाऱ्याला एकाहून अधिक भाषा पसंतीक्रमाने लावता येतात. 13 पासून प्रत्येक अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते.

समजा, तुम्ही भिलाईसाठी बसच्या वेळा सांगणारे अ‍ॅप करत आहात. पोलाद कारखान्यामुळे तिथे देशभरातून माणसे आली. कामावर हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि घरात मराठी, तेलुगू किंवा बंगाली, असे एकाच माणसाचे असू शकते. फोनला एकच भाषा असते हे गृहीतक तिथे पहिल्याच दिवशी मोडते. छत्तीसगढीला आंतरराष्ट्रीय भाषासंकेत आहे, त्यामुळे तिचे फोल्डर तुम्ही करू शकता. फोनच्या भाषायादीवर अवलंबून न राहता भाषानिवड अ‍ॅपमध्येच द्या.

मात्र फोल्डर भरले म्हणजे भाषा आली असे नाही. हिंदीत 'में' वेगळा शब्द असतो, म्हणून रिकाम्या जागेत गावाचे नाव घातले की 'दुर्ग में', 'पुणे में' बरोबर येते. तोच साचा मराठीत घेतलात तर 'पुणे मध्ये', 'नागपूर त' अशी वाक्ये पडद्यावर येतील, कारण आपल्याकडे नामाचे रूपच बदलते: पुण्यात, नागपुरात. उलट, हिंदीत 'आप जा रहे हैं' की 'जा रही हैं' हे ठरवायला वापरणाऱ्याचे लिंग माहीत असावे लागते (त्यासाठी अँड्रॉइड 14 मध्ये स्वतंत्र सोय आली), तर मराठीत 'तुम्ही जात आहात' एवढ्यावर भागते. अशा ठिकाणी फ्रेमवर्क फार तर जागा ठेवते, व्याकरण तुम्हालाच सांभाळावे लागते. बसच्या अ‍ॅपपुरते तरी गावाचे नाव वाक्यात गुंफू नका. 'ठिकाण: पुणे', 'पुढची बस: 7.40' असे सुटे लिहा, आणि मराठीचे फोल्डर हिंदीवरून उतरवून न काढता मराठी बोलणाऱ्या माणसाकडून भरून घ्या.