कान झाकून पाहिलेले तोयोसु

टोकियोच्या उपसागराकाठी तोयोसु नावाचा भाग आहे. १९२३ च्या महाभूकंपात शहर कोसळले, त्याच्या ढिगाऱ्याची भर समुद्रात घालून ही जमीन वर आली. पुढे अनेक वर्षे तेथे जहाजे बांधण्याचा कारखाना होता. २००२ साली तो बंद झाला आणि त्या जागी दुकानांच्या इमारती व उंच घरे आली. २०१८ साली तेथे दोन गोष्टी सुरू झाल्या. जुलैत 'टीमलॅब प्लॅनेट्स' हे उजेडाचे आणि पाण्याचे कलादालन उघडले, आणि ऑक्टोबरात त्सुकिजीचा जुना मासळीबाजार येथे हलविण्यात आला. आमचा भाचा नोकरीनिमित्त टोकियोत असतो, त्याच्या आग्रहाने आम्ही एकाच दिवशी दोन्ही पाहिली. पहाटे बाजार, संध्याकाळी कलादालन. परिचय कलादालनाचा लिहावा असे मनात होते. परंतु बाजाराचे सांगितल्यावाचून कलादालनाचे सांगता येणार नाही, हे घरी परतल्यावर ध्यानात आले.

पहाटे साडेपाचच्या सुमारास तोयोसुला ट्यूना माशाचा लिलाव सुरू होतो. पाहुण्यांसाठी वर काचबंद सज्जा आहे. खाली हिरव्या जमिनीवर गोठवलेले प्रचंड मासे ओळीने मांडलेले, रबरी बूट घातलेले व्यापारी विजेरीच्या उजेडात शेपटीकडचे मांस न्याहाळताहेत, मध्येच बोटे वर होतात, आणि मासा विकला जातो. २०१९ च्या जानेवारीत येथे २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लक्ष येनला गेला. पण काचेपलीकडून काहीच ऐकू येत नाही. आम्हांला तो सारा प्रकार एखाद्या इस्पितळातल्या तपासणीसारखा वाटला. सारे स्वच्छ, शिस्तशीर आणि थंड.

खालच्या मजल्यावर २०१९ पासून दुसरा सज्जा आहे. तेथे जाण्यासाठी सोडत काढतात, आणि भाच्याचे नाव सोडतीत लागले होते. तेथून आवाज ऐकू येतो. घंटा खणखणली, आणि लिलाव पुकारणारा अंग हलवीत एका लयीत गाऊ लागला. गाऊ लागला असेच म्हटले पाहिजे. आकडे असले तरी त्यांना सूर होता, ठेका होता. शब्द एकही कळला नाही. तरी क्षणार्धात आम्ही कुलाब्याच्या ससून डॉकवर होतो. १८७५ साली आपल्याच धर्मबांधव ससून घराण्याने बांधलेली ती गोदी, पाट्यांभोवती जमलेल्या कोळणी, त्यांचा पुकारा, त्यांचे भांडण, त्यांचे हसणे! मासे तेच, माणसे तीच, काचेचा पडदा मात्र गेलेला. पाच मिनिटांपूर्वी जे इस्पितळ होते ते आता बाजार झाले होते. डोळ्यांना नवे काही दिसले नव्हते. जे बदलले ते कानांनी बदलले.

ही गोष्ट दुकानदारांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. जपानमध्ये १९९१ साली मासळी सहकारी संस्थांच्या वतीने लोकांनी मासे अधिक खावेत म्हणून एक गाणे तयार करण्यात आले. 'ओसाकाना तेन्गोकु' त्याचे नाव. अर्थ 'मासळीचा स्वर्ग'. मासे खाल्ल्याने बुद्धी वाढते असा त्याचा आशय, आणि चाल बालवर्गात शोभेल अशी. दुकानांतून मासळीच्या फळ्यांपाशी ते वर्षानुवर्षे वाजत राहिले. मग लोकच विचारू लागले की हे गाणे विकत कोठे मिळते? २००२ साली त्याची तबकडी निघाली आणि हातोहात खपली. म्हणजे मासे विकण्यासाठी केलेले गाणे शेवटी स्वतःच विकले गेले.

इंग्लंडात १९९७ साली अ‍ॅड्रियन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दुकानात प्रयोग केला. द्राक्षासवाच्या फळीवर फ्रेंच आणि जर्मन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, किंमत व गोडी सारखी. एक दिवस फ्रेंच अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, दुसऱ्या दिवशी जर्मन बँड. फ्रेंच संगीत असताना फ्रेंच बाटल्या ४० गेल्या आणि जर्मन ८. जर्मन संगीत असताना जर्मन २२ आणि फ्रेंच १२. संगीतामुळे तुमची निवड बदलली काय असे विचारता बहुतेक गिऱ्हाइकांनी नाही म्हणून सांगितले. ती माणसे खोटे बोलत होती असे आम्हांला वाटत नाही. त्यांना खरोखरच कळले नव्हते, आणि आमच्या मते हीच चिंतेची बाब आहे.

ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स यांनी तर जिभेवरच प्रयोग केला. कालवे खाताना एकदा समुद्राची गाज ऐकविली, एकदा कोंबड्या-गुरांचे आवाज. गाज ऐकताना तीच कालवे लोकांना अधिक रुचकर लागली. खारटपणा मात्र अधिक वाटला नाही. कालवे आपल्याला निषिद्ध, तेव्हा वाचकांनी हा प्रयोग सुरमईवर करून पाहावा.

सुराची आणि वस्तूची गाठ एकदा बसली की ती किती घट्ट बसते, याचे उत्तम उदाहरण टोकियोतच आहे. एबिसु या स्थानकावर गाडी सुटताना 'द थर्ड मॅन' या १९४९ च्या चित्रपटातील, अँटन कारास यांनी झिदर या तंतुवाद्यावर वाजविलेली धून लावतात. चित्रपट युद्धोत्तर व्हिएन्नाचा. त्यातला खलनायक भेसळीचे पेनिसिलीन विकून मुलांचे जीव घेणारा. त्या धुनीचा या स्थानकाशी संबंध काय? संबंध बिअरचा. त्याच नावाच्या बिअरच्या जाहिरातींत ती धून वाजत असे, आणि स्थानकाचे नावही मूळ त्या बिअरवरूनच पडलेले. आज तेथील प्रवाशाला ती ऐकून भेसळीचे औषध आठवत नाही, थंड पेला आठवतो. आपल्याकडे तरी काय वेगळे घडले? १९७५ च्या सुमारास मुंबईच्या चित्रपटगृहांत लिरिल साबणाच्या जाहिरातीत धबधब्याखाली नाचणारी मुलगी दिसू लागली. तिचे संगीत वनराज भाटियांचे होते. साबण इतर साबणांसारखाच साबण. पण ती धून कानी पडली की अंगावर गार पाणी पडल्याचा भास ज्यांना होत असे, ते वाचक आजही लोद आणि अश्दोदमध्ये आहेत.

आणि सर्वांत मोठे उदाहरण आकाशवाणीचे. पहाटे तंबोऱ्यावर उमटणारी व्हायोलिनची ती धून आपल्यापैकी कोणाला आठवत नाही! ती वॉल्टर कॉफमन यांनी बांधली असे मानले जाते. हे युरोपातून परागंदा झालेले ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आले, आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले, आणि १९४६ साली भारत सोडून गेले. धून शिवरंजनीच्या अंगाने जाणारी, म्हणजे स्वभावतः करुण. पण आम्हांला ती ऐकून कारुण्य वाटत नसे. आम्हांला वाटे स्टोव्हचा आवाज, चहाचा वास आणि शाळेची घाई. आज इस्राएलात कोणी ती ऐकविली तर मात्र डोळ्यांत पाणी येते. धून बदललेली नाही. तिला जोडलेले चित्र आमच्यापासून दूर गेले आहे.

आता कलादालनाकडे वळू. तोयोसुच्या त्या दालनात पादत्राणे काढून अनवाणी शिरावे लागते. एका अंधाऱ्या खोलीत गुडघ्यापर्यंत पाणी आहे आणि त्या पाण्यावर उजेडाचे कोई मासे पोहत असतात. मासा आपल्या पायाला लागला की त्याचे फूल होते आणि विरून जाते. हे चित्र आधी काढून ठेवलेले नसते. संगणक ते त्या त्या क्षणी घडवितो, म्हणून एकदा दिसलेले पुन्हा दिसत नाही. संगीत हिदेआकी ताकाहाशी यांचे, संथ आणि गंभीर. लोक तेथे मशिदीत बोलावे तसे हलक्या आवाजात बोलत होते. आमचाही ऊर भरून आला, हे आम्ही कबूल करतो.

पण पहाटेचा धडा ताजा होता. आम्ही दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाकले.

तोच अंधार, तेच मासे, तीच फुले; पण गांभीर्य गेले. राहिला तो एक सुंदर खेळ. पायाला पाण्याचा गारवा, समोर एक लहान मुलगी मासे पकडायला धावते आहे, तिची आई घाबरून फ्रॉक वर धरते आहे. कान उघडले तेव्हा तीच मुलगी एखाद्या विधीत सामील झाल्यासारखी भासली. मग आमच्या मनात प्रश्न आला: ऊर भरून आला तो कशाने? माशांनी, की माशांवर अंथरलेल्या सुरांनी? आमचे प्रामाणिक मत असे की निम्मेअधिक श्रेय सुरांचे आहे. ते संगीत वाईट मुळीच नाही. ते फार चांगले आहे, आणि म्हणूनच चित्राने जे स्वतःहून दिलेले नाही तेही ते चित्राच्या नावावर जमा करते. प्रेक्षकाला काय पाहायचे हे चित्र सांगते, पण त्याचे काय वाटून घ्यायचे हे सूर आधीच ठरवून टाकतात.

याच ठिकाणी बाहेर शेवाळाची एक बाग आहे, आणि आमच्या मते ती या दालनातील सर्वांत सरस कलाकृती होय. शेवाळावर अंड्याच्या आकाराच्या मोठमोठ्या वस्तू उभ्या आहेत. दिवे लागणीनंतर त्या आपोआप उजळतात. एखादीला हलकेच ढकलले की ती कलते, पुन्हा उभी राहते आणि एक स्वर काढते. मग शेजारची तोच स्वर देते, मग तिच्या पलीकडची. वाऱ्याने हलली तरीही तसेच. येथे स्वर चित्रावर अंथरलेला नाही, तो स्पर्शातून निघतो. कान झाकले तर येथे कलाकृतीच अपुरी राहते. लिलावाच्या घंटेप्रमाणे हा आवाज त्या घटनेचा आहे. ज्याला तोयोसुला जाणे जमेल त्याने ही बाग संध्याकाळी पाहावी आणि पाण्याच्या खोलीत एकदा तरी कान झाकावेत.

वाचक म्हणतील, परक्यांचे दोष काढणे सोपे. तर आपल्या घरातले पाहू. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या मंडळींनी कीर्तने सुरू केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी गृहस्थांनी अब्राहामाची, योसेफाची, मोशेची कथा साकी, दिंडी, ओवी, आर्या यांत बसविली. पदावर 'चाल' लिहिलेली असे, आणि ती चाल कधी नाटकातली, कधी हरिदासांच्या कीर्तनातली. म्हणजे पवित्र कथेला उसना सूर! बाटलीशेजारी अ‍ॅकॉर्डियन वाजविणे आणि हे, यांत फरक तो काय?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. फरक आहे तो उघडपणाचा. 'चाल' डोक्यावर छापलेली असे. सूर कोठून घेतला हे श्रोत्याला आधी कळे. शिवाय कीर्तनकार मध्येच थांबून अर्थ सांगे, शंका घेई. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकले हे दुःख कथेतच आहे. दिंडीने ते कोकणातल्या आयाबायांना आपल्या भाषेत कळले इतकेच. जे कथेत नाही ते दिंडीने घुसविले नाही. 'हातिक्वा'चेही तसेच आहे. शम्युएल कोहेन यांनी तिला चाल लावली ती रुमानियाकडच्या एका बैलगाडीच्या लोकगीतावरून. आज ती ऐकून कोणाला बैल आठवत नाहीत, कारण पिढ्यांनी उभे राहून, आपले सुखदुःख घालून ती चाल आपली केली. ती गाठ त्यांनी स्वतः, जाणूनबुजून बांधली आहे.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण शेवटी सांगतो. आपल्या समाजातील एका तरुणाने नवगावच्या जुन्या दफनभूमीचे, रेवदंड्याच्या वाटेचे आणि पडक्या तेलघाण्याचे चित्रीकरण करून आणले आणि एका घरगुती समारंभात दाखविले. त्यावर त्याने कोठूनशी तयार मिळालेली रडवी व्हायोलिन लावली होती. सर्वजण रडले. आम्हीही रडलो. नंतर आमच्या वयोवृद्ध आतेने त्याला ते पुन्हा लावायला सांगितले, आणि म्हणाली, "बाळा, आता बाजा बंद कर."

तेव्हा खालचा मूळ आवाज ऐकू आला. नारळीच्या झावळ्यांची सळसळ, दूरची एस.टी., समुद्र, आणि चित्रीकरण करणाऱ्याला कोणीतरी मराठीत विचारते आहे, "कुणाकडचे तुम्ही?" आते हसली. ती म्हणाली, "आमच्या गावाला असं कुणी रडत नव्हतं रे. घाणा चालायचा तेव्हा केवढा कुरकुरायचा!" आणि मग तासभर ती घाण्याविषयी, बैलाविषयी, शब्बाथच्या आदल्या सांजेच्या धांदलीविषयी बोलत राहिली. यातले एक अक्षरही पहिल्या वेळी कोणाला ऐकायला मिळाले नव्हते. व्हायोलिनने आम्हांला अश्रू दिले होते, परंतु आतेला गप्प केले होते.

आज प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रात चित्रे आहेत आणि त्यांना जोडायला हवे ते संगीत एका बोटावर आहे. आपल्या मुलांनी कोकण पाहिलेले नाही. ते त्यांना या चित्रांतूनच भेटणार. तेव्हा आमची तरुण वाचकांना एवढीच विनंती आहे. चित्राला सूर जरूर जोडा, आपल्या वाडवडिलांनीही जोडला. पण जोडण्यापूर्वी एकदा मूळ आवाज ऐका, आणि घरात कोणी वडीलधारे असेल तर त्यांनाही ऐकवा. त्यांचे बोलणे संपल्यावर व्हायोलिनची गरज उरली तर खुशाल लावा.