विज्ञानपटांच्या कुटुंबाला ‘ए’ प्रमाणपत्र हवे का?

मुलाबाळांसह पाहायच्या विज्ञानपटांच्या मालिकांनी आता फक्त प्रौढांसाठीचे (‘ए’) चित्रपट काढावेत का? दिल्लीत या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे आणि घरगुतीही. चित्रपटांचे वयोगट ठरवणारा कायदा इथल्या संसदेत होतो, त्यावरचे मोठे खटले इथल्या न्यायालयांत लढले जातात. आणि साकेत, नोएडा, गुरुग्रामच्या मल्टिप्लेक्सांत शनिवार-रविवारी आई-वडील, आजी आणि मुले एकाच रांगेत बसतात. हेच कुटुंब या मालिकांचे खरे भांडवल आहे.

हॉलिवूडचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. ‘एक्स-मेन’ मालिका वाढली ती तरुण प्रेक्षकांवर. तिच्यातला ‘लोगन’ (2017) अमेरिकेत ‘आर’ श्रेणीत, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना सोबत मोठे माणूस असल्याशिवाय प्रवेश नसलेल्या श्रेणीत आला आणि ते योग्यच झाले. थकलेल्या नायकाने आयुष्यभर केलेल्या हत्यांचा हिशेब हाच त्या चित्रपटाचा विषय आहे. जखमा झाकल्या असत्या तर तो खोटा ठरला असता. त्याच श्रेणीतल्या 2024 च्या ‘डेडपूल अँड वूल्व्हरिन’ने अब्जाहून अधिक डॉलरचा गल्ला जमवला. पण तिथे रक्त हा तमाशाचा भाग आहे, मरणाला वजन नाही. उलट ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातली ‘अँडोर’ (2022-25) ही मालिका तुरुंगातली सक्तमजुरी, पाळत आणि नरसंहार दाखवते. तिला निव्वळ प्रौढांच्या श्रेणीची गरज पडली नाही. लेखनाचा कस होता, तेवढा पुरला.

आपल्याकडे ‘कोई... मिल गया’ (2003) आणि ‘क्रिश’ (2006) यांनी एका पिढीला विज्ञानपटाची गोडी लावली. ‘क्रिश 3’मध्ये (2013) खलनायक विषाणू पसरवतो आणि त्यावरचा उताराही स्वतःच विकतो. कोविडनंतर हे कथाबीज किती गंभीर वाटते! चित्रपटाने मात्र ते हाणामारीत संपवले. ‘कल्की 2898 एडी’त (2024) गर्भवती स्त्रियांच्या शरीरातून द्रव्य काढले जाते; ही इतकी भीषण कल्पना दृश्यांच्या झगमगाटात मागे पडते. आपली उणीव ही आहे. प्रमाणपत्र बदलून ती भरून निघणार नाही.

मराठी वाचकाला याचा पडताळा घरातच मिळतो. 1974 साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या विज्ञानकथा शाळकरी मुलांनी वाचल्या आणि प्राध्यापकांनीही. त्यासाठी त्यांना विचार पातळ करावा लागला नाही.

कायद्यानेही आता वाट मोकळी केली आहे. 1983 पासून ‘यूए’ हा एकच मधला वर्ग होता. सात वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचा मुलगा त्यात एकाच मापाने मोजले जात. जुलै 2023 मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि ‘यूए’चे 7+, 13+, 16+ असे तीन टप्पे झाले. या टप्प्यांत निर्णय पालकांवर सोडलेला आहे. ‘ए’ मात्र अल्पवयीनांना दारातच अडवते. तरीही ‘ए’ला कमी लेखण्याचे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटाचे ‘ए’ प्रमाणपत्र रद्द केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते पुन्हा बहाल केले आणि चित्रपट समग्रपणे पाहण्याचा आग्रह धरला. तिथे क्रौर्य दाखवणे विषयाचीच गरज होती.

तीच कसोटी विज्ञानपटालाही लावावी. क्रौर्य वगळल्यास कथेतले सत्य मोडत असेल तर निर्मात्याने बेधडक ‘ए’ घ्यावे. मात्र असा चित्रपट स्वतंत्र कथा म्हणून यावा. मुख्य मालिकेचा पुढचा भाग त्यावर अवलंबून नसावा आणि त्याच नायकाच्या नावाची खेळणी मुलांना विकली जाऊ नयेत. ज्या मुलांच्या प्रेमावर मालिका उभी राहिली, त्यांना अर्ध्या गोष्टीवर बाहेर काढणे हा विश्वासघात आहे. बाकी सगळ्या गंभीर विषयांसाठी 16+ पुरेसे आहे. निर्मात्यांनी आधी ती जागा सकस कथांनी भरावी. आणि पालकांनी तिकीट काढण्यापूर्वी नायकाचे नाव पाहून न थांबता प्रमाणपत्रही वाचावे.