'ॲना अँड द किंग ऑफ सायाम' : नायिकेची साक्ष

मार्गारेट लँडन या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी इ. स. १९४४ सालीं प्रसिद्ध झाली. सयामचा राजा मोंगकुट याच्या मुलांस इ. स. १८६२ पासून १८६७ पर्यंत इंग्रजी शिकविणारी ॲना लिओनोवेन्स ही तिची नायिका. लेखिकेची प्रसंग रंगविण्याची हातोटी चांगली असून अंतःपुराचीं वर्णनें मन वेधून घेतात. तथापि ग्रंथाचा तीन चतुर्थांश भाग सत्य असल्याचें ती स्वतःच सांगते. तेव्हां पुरावा मागण्याचा अधिकार आम्हांस पोंचतो.

कादंबरींतील ॲना इ. स. १८३४ सालीं वेल्स प्रांतांत जन्मलेली, लष्करांतील मेजराची विधवा आहे. कागद निराळें बोलतात. ॲन हॅरिएट एडवर्ड्स ही २६ नोव्हेंबर १८३१ रोजीं अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) जन्मली. बाप कंपनीच्या मुंबई सैन्यांत सार्जंट. तो मुलीच्या जन्मापूर्वींच वारला. आईकडून हिंदी रक्ताचा अंश आला असावा असें अभ्यासक मानतात. पुण्यास १८४९ च्या नाताळांत टॉमस लिऑन ओवेन्स नांवाच्या कारकुनाशीं तिचें लग्न लागलें. तो १८५९ सालीं पिनांगास वारला. त्याच्या नांवांतील शेवटले दोन शब्द जोडून पुढें बाईचें भारदस्त आडनांव सिद्ध झालें!

हें गुपित ब्रिस्टो यांनीं १९७६ सालीं प्रथम उघडकीस आणलें. सुसान मॉर्गन (२००८) व आल्फ्रेड हॅबेगर (२०१४) यांच्या चरित्रग्रंथांनीं त्याची अधिक छाननी झाली. १९४४ सालीं लेखिकेस हें ठाऊक नव्हतें, म्हणून तिला अज्ञानाचा दोष आम्ही देत नाहीं. तिनें नायिकेच्या नातीकडील कागदांवर भिस्त ठेवली, दोष आहे तो येथें. आमच्या नांदेड-लातूर भागांत कंधार किंवा उदगीरच्या किल्ल्याचा इतिहास कोणी तेथील फारसी शिलालेख न वाचतां, केवळ किल्लेदाराच्या वंशजांच्या तोंडून ऐकून लिहिला, तर तो आम्ही छापूं काय?

बाईनें असें कां केलें हें समजणें कठीण नाहीं. छावणींत वाढलेल्या सार्जंटाच्या मुलीस, त्यांतही मिश्र रक्ताच्या, साहेबलोकांत मान नव्हता. कुलीन इंग्रज विधवेस तो होता. खरी कादंबरी येथें होती. 'लाइफ अँड ट्रॅव्हल इन इंडिया' (१८८४) या पुस्तकांत ही बाई आपल्याच जन्मभूमीचें वर्णन परकी प्रवासी होऊन करते. एवढा करुण प्रसंग लेखिकेच्या हातून निसटला. त्याऐवजीं आम्हांस ठराविक सांच्याची धीट, निष्कलंक मडम मिळाली.

याचा भुर्दंड मात्र राजाला पडला. ज्या साक्षीदारानें स्वतःचा जन्म बनविला त्याची दुसऱ्याविषयींची साक्ष दुप्पट कसोशीनें तपासावयास पाहिजे. राजवाड्याखालील भुयारी तुरुंगाची हकीकत बाईच्या पुस्तकांतून आलेली आहे. बँकॉकची जमीन दलदलीची, तेथें भुयारें टिकणें अशक्यप्राय. मोंगकुट हा गादीवर बसण्यापूर्वीं सत्तावीस वर्षें भिक्षु होता, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची वेळ त्यानें स्वतः गणितानें काढली होती. असा पुरुष कादंबरींत बहुधा लहरी व संतापी म्हणूनच वावरतो.

कोणी या कादंबरीचें मराठी भाषांतर हातीं घेतल्यास नगरचा जन्म व पुण्याचें लग्न या दोन नोंदी तरी प्रस्तावनेंत अवश्य द्याव्या.