पूल पाहावा खालून

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्या जागी काँक्रीटचा नवा पूल झाला आणि जून 2017 मध्ये वाहतुकीला खुला झाला. '165 दिवसांत पूल' असे त्याचे कौतुक झाले. ते रास्तच होते. आमची तक्रार आहे ती कौतुकाच्या मापाबद्दल. दिवसांचा आकडा सर्वांच्या तोंडी झाला. पाया किती खोल गेला, हा आकडा आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

शाळेतही असेच घडते. काँक्रीट दाबाला भक्कम, ताणाला कच्चे, म्हणून त्यात पोलादी सळया घालतात, एवढ्यावर धडा संपतो. पण पुराचे पाणी काँक्रीट मोडण्याआधी त्याच्याखालची जमीनच काढून नेऊ शकते.

हे कसे होते? प्रवाहाचा वेग वर जास्त, तळाशी कमी असतो. खांबावर आदळून पाणी थबकले, की वरच्या बाजूला दाब जास्त निर्माण होतो. त्यामुळे पाणी खांबालगत खाली उतरते आणि तळाशी भोवरा होऊन वाळू उकरते. पूर ओसरताना हा खड्डा पुन्हा वाळूने भरतो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसत नाही!

म्हणून आपल्याकडचे अभियंते पूररेषेपासून हिशेब करतात. पुरात तळ सरासरी 6 मीटर खोलीपर्यंत खरवडला जाणार असेल, तर खांबापाशी त्याच्या दुप्पट, म्हणजे 12 मीटर धरतात. पाया त्याच्या 1.33 पट, म्हणजे सुमारे 16 मीटर खोल नेतात. (तळाशी खडक असल्यास नियम वेगळा.) मात्र पुलाजवळची वाळू उपसली, तर हा सारा हिशेब बिघडतो.

एका ट्रेमध्ये ओली वाळू पसरा, तीत जाड पेन्सिल उभी रोवा आणि एका बाजूने पाणी सोडा. पेन्सिलीच्या पुढ्यात पडणारा खड्डा मुलांना स्वतः पाहू द्या. मग त्यांना गावच्या पुलाखाली न्या, अर्थात नदी उतरलेली असताना. खांबावर पुराच्या खुणा कुठवर आहेत, जवळ वाळूउपसा चालतो का, हे त्यांनी वहीत टिपावे. पाया किती खोल आहे, हे बांधकाम खात्याला पत्राने विचारावे.