अर्धें राहिलेलें वाक्य

शार्लट पर्किन्स गिल्मन ह्या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ सालीं प्रसिद्ध झाली. भयकथा म्हणून तिची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. आमच्या मतें तिचें मर्म भीतींत नसून एका अर्ध्या राहिलेल्या वाक्यांत आहे.

कथेची नायिका बाळंतपणानंतर खिन्नतेनें ग्रासली आहे. तिचा पति डॉक्टर आहे, प्रेमळहि आहे. औषध, आहार, हवापालट, विश्रांति, कशांतहि उणें नाहीं; मात्र लिहिण्याची तिला बंदी आहे. एका रात्रीं, शरीर सुधारलें तरी मन सुधारलें नाहीं, असें ती सांगूं लागते. पतीची करडी नजर पाहतांच शब्द ओठांवरच विरतात. पुढें भिंतीच्या कागदाआड तिला जी कोंडलेली स्त्री दिसते, ती ह्या अर्ध्या वाक्याचीच छाया होय. लेखिकेनें स्वतः १८८७ सालीं असा विश्रांतीचा उपचार सोसला होता; तरी पतीला तिनें खलपुरुष केलें नाहीं, ह्यांत तिचा संयम दिसतो. उणीव एवढीच कीं, बाळाजवळ राहवत नाहीं ही आईची अवघड कबुली तिनें एका वाक्यांत उरकली आहे.

तें वाक्य कोणी ऐकून घेतलें असतें तर? ह्याचें उत्तर कथेबाहेर मिळतें. स्कॉटलंडमध्यें १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना थोडें शिक्षण देऊन अशा खिन्न मातांकडे आठ आठवडे, दर खेपेस निदान अर्धा तास, केवळ त्यांचें ऐकण्यास पाठविलें. तीन महिन्यांनीं २६ पैकीं १८ माता पूर्ण बऱ्या झाल्या. नेहमींचीच शुश्रूषा लाभलेल्या २४ पैकीं ९. संख्या लहान आहेत, पण बोलक्या आहेत.

ऐकणें म्हणजे सर्वस्व नव्हे. भ्रम होऊं लागले किंवा जीव देण्याचे विचार आले, तर डॉक्टरांस तत्काळ गांठलेंच पाहिजे. शिवाय गोव्यांतील २७० मातांच्या, २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत २३ टक्के खिन्न आढळल्या. दारिद्र्य, पतीचा मार आणि मुलगी झाल्याची नाराजी हीं त्यांच्या दुःखाशीं निगडित होतीं. तीं नुसत्या ऐकण्यानें कशीं मिटावीं?

तरीहि आमच्या घरांतून बाळंतिणीस शेक मिळतो, डिंकाचे लाडू मिळतात. मन कसें आहे, हें विचारणारें मात्र विरळा. आणि विचारलेंच, तर तिचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबतो कोण?