जी-कोडच्या बोली आणि नियंत्रकाची निवड

घरी सीएनसी यंत्र जुळविणाऱ्या खेडच्या हौशी कारागिराने नियंत्रक-प्रणाली किमतीवरून निवडणे फारसे उपयोगाचे नाही. जीआरबीएल व लिनक्ससीएनसी दोन्ही विनामूल्यच आहेत. (लिनक्ससीएनसीला मात्र एक संगणक वाहून द्यावा लागतो.) खरा भेद बोलीचा आहे. १९८० च्या आरएस-२७४-डी या प्रमाणकानंतरही जी-कोड एकरूप झाला नाही. छिद्रे पाडण्याची 'जी८१' ही आज्ञा लिनक्ससीएनसी पाळते, जीआरबीएल नाकारते. नकार परवडला; अनर्थ होतो तो समरूप शब्दांनी. चापाचा मध्य दाखविणारी 'आय', 'जे' ही अक्षरे जीआरबीएल चापाच्या आरंभबिंदूपासूनच मोजते. मॅक-३ मध्ये ती आरंभबिंदूपासून की मूळबिंदूपासून, हे आधी ठरवून द्यावे लागते. तेथे चूक झाली, की छोट्या चापाऐवजी भलतेच वर्तुळ कोरले जाऊन सागवानाची फळी वाया जाते. म्हणून आराखड्यावरून आज्ञावली तयार करणारी प्रणाली कोणत्या बोलीत लिहिते हे प्रथम तपासावे आणि मगच नियंत्रक ठरवावा.