न नोंदवलेली साक्ष : भोपाळची तडजोड आणि ‘अ‍ॅनिमल्स पीपल’

प्रास्ताविक

मृत्यूबद्दलच्या नुकसानभरपाईचा दावा हा दिवाणी कायद्यातील एक वेगळा प्रकार आहे. ज्याची सर्वांत मोठी हानी झाली तो स्वतः वादी होऊ शकत नाही. त्याच्या वतीने वारस उभे राहतात. भारतात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याने वारसांना हा हक्क दिला. असे दावे पुष्कळदा पुरावा नोंदवण्यापूर्वीच तडजोडीने मिटतात. वारसांना पैसा लवकर मिळतो, प्रतिवादीला निकालाची जोखीम टळते, न्यायालयाचा वेळ वाचतो. मात्र मृत्यू कसा झाला आणि त्याला जबाबदार कोण, हे अधिकृतपणे ठरायचे राहून जाते. भोपाळ वायुकांडाच्या दाव्यात हे मोठ्या प्रमाणावर घडले. इंद्रा सिन्हा यांच्या ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ (२००७) या इंग्रजी कादंबरीचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने केला आहे.

तडजोडीचा इतिहास

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळ येथील कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूची गळती झाली. १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारकडे आला. सरकारने प्रथम अमेरिकेत दावा लावला. मे १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथील न्यायालयाने हे प्रकरण भारतातच चालावे असे ठरवले. त्यानंतर दावा भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला. १७ डिसेंबर १९८७ रोजी त्या न्यायालयाने ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई मंजूर केली. एप्रिल १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली.

सर्वोच्च न्यायालयापुढे अपील होते ते या अंतरिम रकमेपुरते. मूळ दाव्यात साक्षीपुरावा व्हायचाच होता. अशा अवस्थेत १४ फेब्रुवारी १९८९ रोजी न्यायालयाने ४७ कोटी डॉलरवर सर्व दाव्यांची तडजोड जाहीर केली आणि फौजदारी कारवाईही संपुष्टात आणली. कारणे दिली गेली ती ४ मे १९८९ च्या आदेशात. त्यातील हिशोब सुमारे ३,००० मृत्यू गृहीत धरतो, आणि पीडितांना तातडीने साहाय्य मिळावे हा तडजोडीमागचा मुख्य हेतू सांगतो. पुढे दावे तपासणाऱ्या यंत्रणेने ५,२९५ मृत्यू मान्य केले. गृहीत आकडा पुराव्याच्या कसोटीवर आधीच घासला गेला असता, तर ही तफावत वेळीच पुढे आली असती.

येथे दिवाणी प्रक्रिया संहितेतील एका तरतुदीचे स्मरण आवश्यक आहे. प्रातिनिधिक दाव्यात न्यायालयाच्या परवानगीवाचून तडजोड करता येत नाही आणि परवानगीपूर्वी हितसंबंधी व्यक्तींना सूचना द्यावी लागते, असा नियम १९७६ च्या दुरुस्तीने आदेश २३ मध्ये समाविष्ट झाला. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या तडजोडीकडे कायदा स्वतःच साशंकतेने पाहतो, असा याचा अर्थ. भोपाळच्या पीडितांना पूर्वसूचना मिळाली नव्हती. पुनर्विलोकनात हा आक्षेप घेतला गेला. परंतु ३ ऑक्टोबर १९९१ च्या निर्णयाने तडजोड कायम राहिली. त्या निर्णयाने फौजदारी कारवाई मात्र पुन्हा सुरू केली.

टेपवरची साक्ष

कादंबरीतील खौफपूर म्हणजे उघडच भोपाळ. निवेदक स्वतःला ‘अ‍ॅनिमल’ म्हणवतो. त्या रात्रीच्या वायूमुळे लहानपणीच त्याचा कणा वाकला आणि तो हातापायांवर चालू लागला. एका परदेशी पत्रकाराने दिलेल्या यंत्रावर तो आपली कहाणी बोलतो. कादंबरीची प्रकरणे म्हणजे या टेप. ही रचना केवळ निवेदनाची सोय नाही. जी साक्ष न्यायालयाने नोंदवून घेतली नाही, ती येथे शपथेविना आणि वकिलाविना नोंदवली जाते. अ‍ॅनिमल शिव्या देतो, खोटे बोलतो, विषय सोडून भरकटतो. प्रतिज्ञापत्राच्या भाषेत न मावणारा असा हा साक्षीदार आहे.

दोन पात्रे या दृष्टीने अधिक लक्षणीय वाटतात. पंडित सोमराज हे नामवंत गायक; त्या रात्री त्यांची फुफ्फुसे निकामी झाली. ते जिवंत आहेत, पण गाणे गेले. भरपाईच्या प्रतवारीत मृत्यू, कायमचे अपंगत्व, तात्पुरती इजा अशा श्रेणी असतात. गेलेल्या स्वराला श्रेणी नसते. दुसरे पात्र मा फ्रान्सी ही फ्रेंच जोगीण. त्या रात्रीनंतर तिला फ्रेंचखेरीज कोणतीही भाषा कळेनाशी होते. इतरांचे बोलणे तिला अर्थहीन आवाज वाटते. कायद्याची यंत्रणा पीडितांचे बोलणे कसे ऐकते, याचे रूपक तिच्यात पाहता येते.

हॉटेलमधील प्रसंग आणि कादंबरीची मर्यादा

वास्तवात घडून गेलेली तडजोड कादंबरीत घडू पाहणारा धोका म्हणून येते. कंपनीचे अमेरिकन वकील आणि राजकारणी हॉटेलात गुप्त वाटाघाटी करतात. बुरख्यातील एक व्यक्ती तेथे दुर्गंधीयुक्त द्रव सोडते. विषारी वायू समजून वकील सैरावैरा पळतात आणि सौदा फिसकटतो. पीडितांचा अनुभव क्षणभर प्रतिपक्षाच्या अंगावर उलटवणारा हा प्रसंग हास्यकारकही आहे आणि दाहकही.

परंतु याच ठिकाणी कादंबरीची मर्यादाही दिसते. तडजोड म्हणजे केवळ कारस्थान, असे येथे गृहीत आहे. दहा-पंधरा वर्षे निकालाची वाट पाहण्यापेक्षा आज मिळेल ती रक्कम स्वीकारू इच्छिणारी विधवा या कथानकात केंद्रस्थानी येत नाही. न्यायालयाचा तातडीच्या साहाय्याचा युक्तिवाद निव्वळ सबब नव्हता. खटल्यातील विलंब हे वास्तव होते. त्या युक्तिवादाचे खरे खंडन पुढील घटनाक्रमात सापडते. रक्कम १९८९ मध्ये जमा झाली, वैयक्तिक दाव्यांचे निवाडे मात्र १९९२ पासून सुरू झाले, आणि शिल्लक राहिलेल्या सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या वाटपाचा आदेश २००४ मध्ये निघाला. म्हणजे खटला टाळूनही वेग साधला नाही. वाटाघाटीच्या खोलीत थांबणारी कादंबरी दावा-कचेरीच्या रांगेपर्यंत गेली असती, तर तिची टीका अधिक अचूक झाली असती.

असे असले तरी कादंबरीचा शेवट सूचक आहे. अमेरिकेत शस्त्रक्रिया करून ताठ उभे राहण्याची संधी अ‍ॅनिमल नाकारतो आणि त्यासाठी साठवलेला पैसा एका वेश्येच्या सुटकेसाठी वापरण्याचे ठरवतो. पैशाने हानी ‘भरून’ निघते हे भरपाईच्या संकल्पनेतील गृहीतच तो बाजूला सारतो. पैसा त्याला वर्ज्य नाही; पैशाचा अर्थ कोणी ठरवायचा, हा त्याचा प्रश्न आहे.

समारोप

७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. अमेरिकन अध्यक्ष त्या न्यायालयापुढे कधीही उभे राहिले नाहीत. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली क्युरेटिव्ह याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. दिवाणी दायित्व कोणाचे, हे पुराव्यानिशी ठरण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

मृत्यूच्या दाव्यात तडजोड नसावीच, असा निष्कर्ष यातून निघत नाही. तथापि ती करण्यापूर्वी वारसांचे म्हणणे ऐकले जावे, मृत्यूच्या कारणांची नोंद सार्वजनिक व्हावी आणि मागाहून उघड होणाऱ्या हानीसाठी वाट मोकळी राहावी, एवढी किमान अपेक्षा रास्त ठरते. भोपाळमध्ये या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत, आणि त्या रिकाम्या जागेत ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ उभी आहे. कादंबरी निवाडा देऊ शकत नाही, भरपाई वाढवू शकत नाही. पण तडजोडीने बंद केलेल्या दप्तरात कोणाचे बोलणे नोंदवायचे राहिले, याची ती वाचकाला जाणीव करून देते. कायदा आणि साहित्य यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांनी तिच्याकडे वळावे ते मुख्यतः यासाठी.